फटफटीला आग्रह

अंजना,

यंत्र कधी खोटे बोलत नाही. खोटे तुझे नाथाजीदादा बोलतात: "दाजी, तेल लय मापात घातलंय."

आपल्या फटफटीचे मागचे चाक साखळीऐवजी दांड्याने फिरते. त्या दांड्याच्या डबीतून तेल गळत होते. मी ती कोरडी पुसून वर तुझी रांगोळी भुरभुरली, माफ कर. ओघळ निघाला तो वरच्या हवेच्या भोकातून! फुटलेले काहीच नाही. दादांनी पंक्तीत वाढावे तसे "घे की गं अजून" करत तिला गळ्यापर्यंत पाजले होते. वाटीभर काढले, आता थेंब नाही!

मिरजेच्या बारशाला नवे लुगडे खुशाल नेस, तेलाचा डाग पडायचा नाही. मी आगगाडीची तिकिटे काढायला स्टेशनवर गेलोय. फटफटीच्या पेट्रोलची रेशनची कुपने संपली आहेत.