काकांचा शर्ट आणि चौकटीची टोपी

तिसगाव
१० ऑगस्ट २०२५

चि. धनश्रीस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करू नकोस गं बाई. तुझे काका स्पीकर लावून शेजारी बसत्यात. ही चिठ्ठी बाजाराच्या टेम्पोतून नगरला धाडतेय, उत्तरबी तसंच धाड.

तू गवंडीकाम शिकतीयस हे कळलं तर ते घर डोक्यावर घेतील. जल्म गेला त्यांचा मिस्त्रीकीत, आन् म्हननं एकच: बाईनं घमेलं उचलावं, थापीला हात लावू न्हाई. त्यांच्याच घमेल्यानं माझं टाळकं झिजलं, मला काय सांगत्यात! म्हनून मी ठोकून दिलं की पोर शिवनकाम शिकतीय. आता म्हनत्यात, पोरीच्या हातचा शर्ट पायजे. छाती बेचाळीस, पोट त्याहून जास्त. काय करायचं ते तू बघ.

लोभ हायच, शर्ट आला की वाढंल.
तुझी मावशी, रतनबाई

अहिल्यानगर
१४ ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मावशे, काय हा उद्योग! मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. शर्ट कापड बाजारातून विकत आणलाय. माझ्या खोलीत जामखेडची शॅरन आहे, ती वायरिंग शिकते. तिनं दोन बटणं मुद्दाम वाकडी लावून दिली, म्हणजे घरचा वाटेल.

इथं प्रशिक्षण केंद्रात आता बरं चाललंय. आधीची हेल्मेटं गड्यांच्या मापाची, थेट नाकावर यायची. आम्ही कुरकुर केली तेव्हा सरांनी आमच्या मापाची मागवली.

पण खरी धास्ती पुढेच आहे. परीक्षा म्हणजे एका गावात दाराची खरीखुरी चौकट बसवायची, आणि गाव निघालं तिसगाव, काम तुमच्या बचत गटाच्या खोलीचं! आमच्या केंद्राकडं तसा अर्ज तूच केलास ना? पास झाले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर आईदादांबरोबर ऊसतोडीला, असं दादांनी स्पष्ट सांगितलंय. मला पुन्हा त्या फडात जायचं नाही, मावशी. माझी शाळा तिथंच सुटली. फार भीती वाटते.

काकांना नमस्कार, पण मनातल्या मनात. माया असू दे, तोंडही बंद असू दे.
तुझी धनश्री

तिसगाव
२४ ऑगस्ट

चि. धनश्रीस आशीर्वाद.

अर्ज मीच केला. गावानं बघावं की! शर्ट तर लई गाजला. काका पारावर, चहाच्या टपरीवर, दिसंल त्याला कॉलर उलटी करून दाखवत्यात. लोकबी हसून मान डोलावत्यात. आता त्यांना बंडी पायजे, पायजमा पायजे, आन् सहादेव भाऊजींना कोट पायजे म्हनं. मला घाम फुटलाय.

तू भिऊ नको. परीक्षेच्या दिवशी त्यांना देवळाली प्रवऱ्याला बारशाला पिटाळते. तरी तोंडाला फडकं बांधून ठेव, गडी भरवशाचा न्हाई.

चौकट सरळ ठेव, बाकीचं वाकडं मी बघते.
तुझी मावशी

अहिल्यानगर
१ सप्टेंबर

ती. मावशीस शि. सा. न.

हे पत्र देवळालीच्याच पत्त्यावर टाकतेय. गटातल्या बायांकडून कळलं, काकांची कंबर ऐनवेळी धरली आणि बारशाला तुला एकटीला जावं लागलं ना? तू एसटीत बसलीस आणि कंबर सुटली बघ. परीक्षेत मी चौकट उभी करतेय, मान वर केली तर विटांच्या ढिगावर काका, अंगात तोच शर्ट! मी फडकं डोळ्यांपर्यंत ओढलं.

चौकट सरळ आहे का ते बघायला त्यांनी खिशातून स्वतःचा ओळंबा काढला. एका अंगानं सोडला, मग दुसऱ्या अंगानं. दोरी हलायची थांबेपर्यंत, तिथंच वायरिंगला आलेली शॅरन शेजारी प्रार्थना करत होती. काकांनी ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

मग चौकट बसवली की मिस्त्रीला देतात ते नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन तुमच्या गटाच्या मुक्ताबाई आल्या, तर समोर सगळ्या बायाच. टोपी बाईला कशी द्यायची यावर गटात जुंपली. कुणी म्हणे खण द्या, कुणी म्हणे टोपी कुणाच्या तरी नवऱ्याला घाला. तेवढ्यात काकांनी मुक्ताबाईंच्या हातून टोपी घेतली, माझं हेल्मेट काढलं, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि पाठ फिरवून निघून गेले.

मी पास झाले, मावशी! पण त्यांनी ओळखलं का गं? घरी महाभारत झालं तर लगेच कळव.

आशीर्वाद चालू ठेव, लपवाछपवी बंद करू या.
तुझी धनश्री

तिसगाव
५ सप्टेंबर

चि. धनश्रीस गोरक्षनाथ काकांचा आशीर्वाद.

शर्टाच्या कॉलरीत दुकानाच्या नावाची पट्टी हाय. मावशीनं बघितली न्हाई, मी बघितली. म्हनून तर गावभर कॉलर दाखवत फिरलो. मग टेम्पोवाल्याला दरडावलं, त्यानं सगळं वकलं. बंडी-पायजमा मागितला तो मावशीची गंमत बघायला.

परीक्षेला तुझी चूक काढायलाच आल्तो, खोटं कशाला बोलू? सापडली असती तर चारचौघांत सांगितली असती. सापडली न्हाई. टोपी घालताना मला रडू आलं, म्हनून पाठ फिरवली.

तुझ्या बापाला फोन केला, की यंदा ऊसतोडीला पोरीचा कोयता धरू नका. दिवाळीनंतर माझ्या हाताखाली न्हाई, माझ्या जोडीनं कामाला यायचं.

मावशी देवळालीहून आली ती तुझं पत्र नाचवीत, आन् माझी थापीच घेऊन बसली. म्हनली, पोर शिकली, आता मलाबी शिकवा. काल न्हाणीची भिंत तिनं बांधली. भिंत वाकडी हाय, पन सांगायची सोय न्हाई. घमेलं माझ्या डोक्यावर हुतं. लई जड असतंय गं. येवढी वर्सं ती कधी बोलली न्हाई.

माया ठेव, आन् येताना टोपी घालून ये.
तुझा काका