कापलेल्या धुक्याबाबत

मी, सरजाबाई आनंदराज सोनकांबळे, वय ६८, मॅट्रिक, राहणार मुदखेड, जि. नांदेड, आज सकाळची वंदना घेऊन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. याआधी केलेलं नाही.

१. घर व बँकेतली ठेव मुलगा प्रीतम आणि मुलगी लुंबिनी यांना निम्मी निम्मी. माझ्या पुण्यानुमोदनाला खीर पुरे, जेवणावळ नको.

२. माझे पती कालकथित आनंदराज यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो पोटासाठी. थंडीत मात्र पहाटे सायकलवर उमरीच्या वाटेला जायचे आणि धुक्यातली एकच बाभूळ, नाहीतर कुंपणाचा एकच खांब काळ्यापांढऱ्यात काढायचे. बाकी कागद कोरा. कॅमेरा, फोटो मोठे करायचा एनलार्जर व निगेटिवचा पत्र्याचा डबा लुंबिनीला. निगेटिव काळे दिसतात म्हणून प्रीतमने जळाले समजून फेकू नयेत. धुकं त्यात काळंच येतं.

३. माझ्या जाऊबाई चांगुणाबाई भिंतीवरचे हे फोटो पाहून चारचौघांत म्हणाल्या, "कागद लई स्वस्त झाला जणू. निम्मा कोराच टांगलाय की." मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सगळे तेवीस फोटो मी स्टुडिओतल्या कागद कापायच्या कटरखाली घातले. झाड तेवढं ठेवलं, कोऱ्या पट्ट्यांवर वाणसामान लिहिलं. त्यातला एक फोटो चांगुणाबाईंना द्यावा. त्यांच्या मनासारखा आहे.

४. त्या संध्याकाळी माझे पती एवढंच म्हणाले, "धुकं कापलंस व्हय." पुन्हा कुठल्याच थंडीत कॅमेरा घेऊन निघाले नाहीत. लुंबिनी समजते, वडिलांनीच कापले. ती लातूरला फोटोग्राफी शिकवते. मागच्या महिन्यात म्हणाली, "बाबाला धीर नव्हता, आई. मोकळी जागा सोसली न्हाई त्यायला." मी मेथी निवडत राहिले. न दिलेलं घेणार नाही, असं पंचशीलात रोज म्हणते आणि तिथंच अडखळते. माझ्यानंतर हे कलम तिला वाचून दाखवावं. निगेटिववरून फोटो तिने काठ न कापता, पूर्ण छापावेत.

५. कलम ४ लिहून तीनदा उठले, तीनदा बसले. मेल्यावर वाचलं तर तिला मला काही बोलता येणार नाही, मी फुकटची सुटेन. म्हणून वाचून दाखवायचं रद्द. उद्या सकाळच्या एसटीने निगेटिवचा डबा घेऊन मीच लातूरला जाते. तिला काय बोलायचं ते तोंडावर बोलू दे. साक्षीदारांनी लवकर सह्या कराव्यात, मला पिशवी भरायची आहे.

सही: सरजाबाई आनंदराज सोनकांबळे

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. मल्लेश नागनाथ गड्डमवार, शेजारी
२. रेणुका प्रकाश कांबळे, अंगणवाडी सेविका

मुदखेड, १४ डिसेंबर २०२५