तातोबा पोतदारांचा घोडा आणि अमीनाबीची वाट

मी, रत्ना धनेश कारेकर, माहेरची पोतदार, वय वर्षे ऐंशी, धंदा चांदीकाम, राहणार तोआ पायोह, सिंगापूर, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते येथे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो नसता तरी मी हेच म्हटले असते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि आजवर ज्यांनी ते आणून पाहिले ते फार काळ टिकले नाहीत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी माझी मुलगी नीता हिने करावी.

१. राहता फ्लॅट विकावा. नीताचा स्वतःचा फ्लॅट टॅम्पिनीसला आहे आणि एचडीबी, म्हणजे इथले सरकारी घरखाते, दोन ठेवू देत नाही. आलेली रक्कम आणि बँकेतली शिल्लक नीता व माझा मुलगा रोहन यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. भांडू नये. भांडायचेच असेल तर माझ्यासमोर, आत्ता भांडावे.

२. माझी चांदीकामाची हत्यारे, म्हणजे हातोड्या, सांडशा, कानशी, फुंकणी आणि तार ओढायचे जंतर, नीताची मुलगी जाई हिला द्यावीत. ही हत्यारे माझ्या वडिलांची, तातोबा पोतदारांची. सातारा जिल्ह्यातल्या उंबरपेठेत त्यांचे दुकान होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला शिकवले. माझे काका म्हणाले, "पोरीचा हात लागला की भट्टी विझते." वडील म्हणाले, "मग तू फुंकत बस." लग्नानंतर मी सिंगापूरला आले. यजमान जहाजावर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मी सेरंगून रोडवरच्या एका पेढीत कामाला लागले. मालकाने मला काउंटरवर उभे केले होते. थोड्याच दिवसांत मी आत भट्टीपाशी होते, आणि पुढे वीस वर्षे तिथेच राहिले. जाई शनिवार-रविवारी माझ्याशेजारी बसून काम करते. तिच्या बोटांना भाजल्याच्या खुणा आहेत. एवढा हक्क मला पुरेसा वाटतो.

३. वडिलांची ऐरण मात्र उंबरपेठेत, माझ्या चुलतभावाकडे, प्रकाशकडे आहे. मालकी माझी आहे. ती प्रकाशने काढलेल्या 'क्रांतिवीर तातोबा स्मृती संग्रहालया'ला हवी आहे. ती मी देते, पण अटीवर. अट समजावी म्हणून जे घडले ते लिहिते. हे मी वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे आणि त्यांनी ते कधी फिरवून सांगितले नाही.

चलेजावनंतरच्या वर्षी उंबरपेठेच्या डाकबंगल्यात गोऱ्या पोलीससाहेबाचा तळ पडला. डोंगराकडच्या तीन गावांत भूमिगत माणसे लपली होती. साहेबाचा चांदीचा चषक पडून त्याचा कान निखळला होता. तो जोडायला वडिलांना बोलावले. ते व्हरांड्यात काम करत असताना साहेब आत फौजदाराला मोडक्या मराठीत म्हणाला, उद्या सगळे बाजारात गुंतले की वरची गावे वेढायची. फौजदाराने बाहेर येऊन वडिलांना बजावले, चषक पुरा झाल्याशिवाय आवाराबाहेर पाय टाकायचा नाही.

फौजदाराचे बिऱ्हाड त्याच आवारात होते. त्याच्या बायकोला बांगड्या भरून अमीनाबी मणेर बाहेर निघाली. डोक्यावर टोपली, गावोगाव फिरून काचेच्या बांगड्या विकणारी बाई. पहारेकरी शेजारीच उभा. वडील चषकावरची नजर न काढता म्हणाले, "अमीनाबी, वरल्या गावात माझ्या मेव्हण्याला सांग, उद्या पावनं येत्यात. घर मोकळं ठेव म्हनावं."

"किती पावनं?"

"घरात मावनार न्हाईत एवढं."

वडिलांना मेव्हणा नव्हता, हे साऱ्या पेठेला ठाऊक होते. अमीनाबीलाही. तिने टोपली सारखी केली आणि डोंगराची वाट धरली. बांगडीवालीला कोणी अडवत नाही आणि प्रत्येक घरातली बाई तिला आत बोलावते. तिन्ही गावे तिने त्याच दिवशी केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांना म्हातारी माणसे आणि कोंबड्या सापडल्या. बाकी सगळे डोंगरापलीकडे गेले होते.

पण आदल्या दिवशी बांगडीवाली आली होती, हे कोणीतरी बोलले. अमीनाबीला परतीच्या वाटेवर धरले. कोणी धाडले असे विचारत तिचे उजवे मनगट मोडेपर्यंत मारले. ती एवढेच म्हणाली, "मला कोन धाडनार? बायकांचं हात बोलवत्यात, म्या जाते." तुरुंगातही तिने वडिलांचे नाव घेतले नाही.

स्वातंत्र्य आल्यावर एका शाहिराने पोवाडा रचला. पोवाड्याला घोडा लागतोच. तातोबांनी फौजदाराचीच पांढरी घोडी पळवली आणि चांदीचे ताट वाजवत सात गावे जागी केली, असे त्यात आले. पोवाड्यात बांगडीवालीला जागा उरली नाही. वडील मरेपर्यंत सांगत राहिले, "अरं, मी गाढवावर बी बसलो न्हाई. गेली ती अमीनाबी." लोक हसत आणि म्हणत, केवढा विनय!

दोन वर्षांपूर्वी प्रकाशने पुतळा उभारला. दोन पायांवर उसळलेला घोडा, वर माझे वडील. मी जाईला घेऊन गेले होते. जाई म्हणाली, "आजी, the horse damn handsome lah, पण हा माणूस तुझ्या फोटोतल्या पणजोबांसारखा दिसत नाही." मला बोलायला उभे केले. वर लिहिले आहे ते सगळे मी माइकवरून सांगितले. मग सूत्रसंचालक ओरडला, "पाहिलंत? बापासारखीच लेक! तोच विनय!" आणि टाळ्या पडल्या. इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

मी प्रकाशला बाजूला घेतले. तो म्हणाला, "अक्का, लोक घोडा बघायला येतात."

"मग घोड्याचं संग्रहालय काढ."

"असं काय बोलता? काकांचंच नाव मोठं होतंय ना?"

"त्यांच्या नावाला धक्का लावत नाही मी. त्यांनी ऐकलं आणि निरोप दिला. सापडले असते तर फासावर गेले असते. तेवढं त्यांचं आहे. चालत कोण गेलं, ते दुसऱ्याचं आहे."

तरी आता अट अशी: माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात पुतळ्याखालच्या फलकावर 'अमीनाबी मणेर' हे नाव वडिलांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत कोरावे, आणि तिने काय केले ते खाली लिहावे. घोडा पाडू नये. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. 'हा शाहिराच्या कल्पनेतला आहे' अशी पाटी त्याला लावावी. अट पाळली नाही, तर ऐरण जाईने ताब्यात घ्यावी. नेण्याचा खर्च माझ्या शिलकीतून, वाटणीआधी करावा. प्रकाशला वाटेल की म्हातारी सिंगापूरला बसून काय करणार. माझा वकील इथे पाया लेबारला बसतो, पण त्याचा भागीदार साताऱ्याला बसतो.

४. दहन इथल्या मंडाई स्मशानगृहात करावे. भाषणे नकोत.

५. माझ्या कपाटात चांदीच्या पाटल्यांची एक जोडी आहे. मी ती कधी घातली नाही. ती माझी नव्हेच. अमीनाबी सुटून आली तेव्हा तिचे मनगट वाकडे जुळले होते आणि पंजा आवळता येत नव्हता. काचेची बांगडी त्या हातावर चढेना. बांगडीवालीचाच हात ओका राहिला. पुढे वडिलांनी तिच्यासाठी कळ दाबून उघडणाऱ्या पाटल्या घडवल्या, म्हणजे पंजावरून सरकवायला नकोत. तिला दिल्या तेव्हा मी पाच-सहा वर्षांची, तिथेच खेळत होते. तिने कळ उघडून मिटून पाहिली, पुन्हा उघडली.

"काम झ्याक हाय, तातोबा," ती म्हणाली. "पर मी काच इकते. मीच चांदी घातली, तर बाया माझ्याकडनं काच कशाला भरतील?"

"मग मी काय करू हेचं?"

"ठेव. आमच्यात कुनीतरी काच न इकनारं निघंल."

वडिलांनी त्या ठेवल्या आणि मरताना माझ्याकडे सोपवल्या. पुतळ्याच्या समारंभानंतर मी मणेरांचे घर शोधत गेले. अमीनाबीची पणती शमा हिने मला चहा दिला. त्यांच्या घरात वेगळेच सांगतात: अमीनाबीने टोपलीतल्या सगळ्या बांगड्या फौजदाराच्या डोक्यावर फोडल्या. खरे की खोटे, मला ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार पोतदारांना नाही.

शमा मणेर उंबरपेठेच्या हायस्कुलात गणित शिकवते. काच विकत नाही. पाटल्या तिला द्याव्यात.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्या व एकमेकींच्या समक्ष सह्या केल्या. या लेखातून त्यांना काहीही मिळणार नाही, हे ऐकूनही त्या आल्या, म्हणून त्यांची आभारी आहे.

(सही) रत्ना धनेश कारेकर

साक्षीदार:
१. (सही) मेधा सरंजामे, निवृत्त शिक्षिका, तोआ पायोह
२. (सही) सिती रहमा बिन्ती युसुफ, शेजारीण, तोआ पायोह (मजकूर इंग्रजीत समजावून दिला)

ठिकाण: तोआ पायोह, सिंगापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५