एका डब्याची पावती

आप्पा, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे हे पत्र दोन्ही बाजूंनी अडलेलं आहे. तरी सांगते. लिहून घेणारी तुमची पणती आहे, माझ्या मुलाची मुलगी. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या बाल्कनीत पाय वर घेऊन बसली आहे, आणि मी दोन वाक्यं बोलले की ही एकच लिहिते असा मला संशय आहे. "जसं बोलते तसंच लिही," म्हटलं, "मला अक्षर येत नसलं तरी ओळी मोजता येतात." तर म्हणते, "आजी यार, तू कोणावर तरी विश्वास ठेवतेस का?" नाही ठेवत. सेक्टरच्या किराणेवाल्याला मी रोज विचारते, "भैया, टॅक्स अंदर है कि बाहर?" पुड्यावर किंमत छापलेली असली की कर त्या किमतीतच असतो, वर एक पैसाही द्यायचा नाही, हे त्याने मला शंभर वेळा सांगितलं आहे. मी एकशे एकाव्यांदा विचारते.

या वेळचं भांडण झालं पानिपतच्या ब्लँकेटवरून. थंडीच्या आधी आम्ही दोघी गाडीने तिकडे गेलो होतो. दुकानदाराने सोळाशे सांगितले आणि बिल केलं सोळाशे ऐंशीचं. "ये ऊपर के अस्सी किसके?" मी विचारलं. "जीएसटी है माताजी, सौ पे पाँच." कागदावर बघते तर सोळाशेच्या खाली दोन ओळी. पोरीने वाचून दाखवलं, चाळीस केंद्राचे, चाळीस राज्याचे. एका खिशात दोन हात! पण मनातल्या मनात पाढा म्हटला तर बरोबर निघाला, सोळा अडीचे चाळीस. तुमचीच अडीचकी, आप्पा. शाळेत घातलं नाहीत, पण जकात नाक्यावर तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले की बाकावर बसवून पावकी, निमकी, अडीचकी घोकून घेत होतात. "मुलीला हिशेब आला की पुरे, कोणी फसवणार नाही." हिशेब बरोबर निघाल्यावर मी हळूच दुकानदाराला म्हटलं, "बगैर बिल के दे दो, सोलह सौ में." तो तयारच होता. पोरगी मात्र भडकली. "बिल्कुल नाही, आजी. पक्कं बिल घ्यायचं." सरकारी परीक्षेचा अभ्यास करते ना, साहेब होण्याआधीच साहेबपणा आला आहे.

मग तेच ब्लँकेट आणखी एक हवं म्हणून त्याच दुकानदाराकडून फोनवरून मागवलं. ते पार्सलने घरी आलं. किंमत तीच, बेरीज तीच, पण बिलात सोळाशेखाली एकच ओळ, ऐंशीची. मी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं, "बघ, लबाडी. तिथे दोघं खात होते, इथे एकटाच खातो." पोरीने कपाळावर हात मारला. मग सांगायला बसली. पहिलं ब्लँकेट आपण हरियाणातल्या दुकानातून हातात घेतलं, म्हणून अर्धा कर केंद्राचा, अर्धा हरियाणाचा. दुसरं त्याने दिल्लीला पाठवलं. राज्याची हद्द ओलांडली, म्हणून ऐंशी एकत्र घेतात, आणि त्यातला राज्याचा वाटा दिल्लीला मिळतो, कारण माल दिल्लीत आला. तीनदा ऐकल्यावर मला पटलं. वेस ओलांडली की कागद बदलतो. मी वेशीवरच्या माणसाची मुलगी, एवढं कसं कळणार नाही? म्हटलं, "आमच्याकडे याला जकात म्हणायचे." "जकात म्हणजे?" "तुझ्या जीएसटीची पणजी. गावाच्या तोंडाशी बसायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डब्याचं झाकण उघडून बघायची." आणि मग मी उठले आणि आईच्या कुंकवाच्या करंड्यातून तिसरा कागद काढून आणला.

मी दहा वर्षांची आहे. मामाच्या गावाहून टांग्यातून परत येते आहे. नाक्यावर तुम्ही दरांच्या फळ्याखाली बसला आहात, आणि तुमच्यासमोर आठ-दहा गाडीवान उभे आहेत. तुम्ही मला बघून हसतसुद्धा नाही. "डब्यात काय?" "आप्पा, मीच आहे." "ते दिसतंय. डब्यात काय?" "तूप." "आणि गाठोड्यात?" "कपडे." डबा तराजूवर चढतो. मामाने हातात दिलेल्या रुपयातून तुम्ही चार आणे कापून घेता, पावती फाडता. गाडीवान हसताहेत, "साहेबांनी पोटच्या पोरीलाही सोडलं नाही!" तुम्ही माझं गाठोडं स्वतः उचलून टांग्यात ठेवता, आणि मला रडू फुटतं. "रडायचं नाही," तुम्ही म्हणता. "पैसे दिले ना? मग पावती जपून ठेव." ठेवली. पासष्ट-सत्तर वर्षं ठेवली, आप्पा, पण कोणाकडून वाचून घेतली नाही.

कारण गावात बोलायचे. नाक्यावरचा माणूस, घेतो चार नि लिहितो दोन. आपल्या घरी रेडिओ आला तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "बाई, जकातीचा आवाज मोठा छान येतो हो!" आई हसली, तुम्ही उठून गेलात. सासरी टोमणे झाले, दिल्लीला आल्यावर तुमच्या जावयांनीही थट्टा केली. मी तोंडाने तुमची बाजू घेत होते आणि मनात म्हणत होते, पावती आहे माझ्याजवळ. पण तिच्यावर दोन आणे लिहिलेले असले तर? वाचता येणारी माणसं घरात वाढत गेली, तसा करंडा मी कपाटात आणखी आत सरकवत गेले. दुकानदार, रिक्षावाले, सुना, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ज्याच्यावर खरा होता, त्याच्याकडे तेवढं गेले नाही.

काल दुपारी पोरीने तो कागद घडीवर फाटू नये म्हणून तळहातावर धरला आणि वाचला. तूप. डबा एक. चार आणे. आकडा नाही, सगळं अक्षरात, आणि खाली तुमची सही.

"बघ," ती म्हणाली, "पूर्ण लिहिलेत." मी पुन्हा वाचायला लावलं. तेच निघालं. रेडिओचं मला अजून कळलेलं नाही, तेवढा संशय मी ठेवते, म्हातारपणी सवय मोडवत नाही. पण चार आणे नाक्याच्या पेटीत गेले. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र विचारलं, "डबा एकच लिहिलाय?" "एकच. का गं?"

आता लिही, पोरी, थांबू नकोस. आप्पा, डबे दोन होते. "एक दाखव, एक झाक," असं मामाने सांगितलं होतं. दुसरा गाठोड्यात परकरांमध्ये गुंडाळलेला होता. घरी आल्यावर आईने तो काढला आणि तोंडाला पदर लावून हसली. पहिला डबा संपेपर्यंत तुम्ही गरम भातावर तूप घेत होतात. दुसरा उघडला त्या दिवशी आईने चमचा पुढे केला, तर तुम्ही ताटावर हात आडवा धरलात. "पित्त झालंय." तो डबा संपेपर्यंत तुमचं पित्त काही गेलं नाही. नाक्यावर एकाच डब्याची चोरी झाली असेल, तर ती माझी होती, आणि तुम्ही ती जाऊ दिलीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पावतीच्या खाली, त्याच करंड्यात राहील. पोरगी विचारते आहे, चार आण्यांसाठी कोणी इतकं रडतं का? नाही गं. आप्पा, तुम्ही गाठोडं उचललंत, आणि उचलताना क्षणभर थांबलात. म्हणून रडत होते.