पिवळ्या झाकणाचा डबा

पर्थ
४ जुलै २०२३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते तुम्ही ऐकत नाही, म्हणून पत्र. इथे सगळे बरे आहेत. टोनीची कंबर पुन्हा धरली आहे, आणि मुलं परीक्षांत बुडाली आहेत.

आई गेल्यापासून तुमचं सरकारी टपाल माझ्याकडे येतं, हे तुम्ही विसरला असाल. नगरपालिकेचं पत्र आलंय, सोबत फोटो. कचऱ्याच्या गाडीवर कॅमेरा असतो, बाबा! पिवळ्या झाकणाच्या डब्यात फक्त धुतलेले डबे, बाटल्या आणि कागद टाकायचे असतात. तुमच्या डब्यातून मोठ्या माणसांचे वापरलेले डायपर पडताना दिसतायत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ही पहिली ताकीद. तिसऱ्यांदा झालं तर डबाच उचलून नेणार.

डबा गेला खड्ड्यात. मला तुमची काळजी लागली आहे. तुम्हाला त्रास होतोय का? कधीपासून? पंचवीस तारखेला सरकारी बाई तुम्हाला बघायला येणार आहेत, मीच वेळ घेतली. एकट्याने राहणं तुम्हाला झेपत नाही असं त्या म्हणाल्या, तर सेंट ऑल्बन्सचं घर विकून तुम्ही इकडे यायचं, हे आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला ठरलंय. शब्द फिरवू नका. आणि हो, लाजू नका. मी तुमचीच मुलगी आहे.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर यावं.
तुमची,
रिता


सेंट ऑल्बन्स
११ जुलै

चि. रिता हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वाचून डोकं फिरलं. गाडीला कॅमेरा लावलाय म्हणे! उद्या पाद्रीबाबासुद्धा पापं मोजायला एक लावतील.

अगं, या गल्लीत सार्डिनचा डबा गरम पाण्याने धुऊन टाकणारा मी एकटा. दह्याच्या डब्याचा कागद मी सोलून वेगळा काढतो. आणि तू मला डबे शिकवतेस! डायपरचं म्हणशील तर चूक झाली खरी. कोणाची, कशी, ते विचारू नकोस.

पण या नगरपालिकेला कोणीतरी विचारा. बाकीच्या कचऱ्याचा लाल डबा आता पंधरा दिवसांनी एकदा नेतात, मधल्या आठवड्यात पिवळा. पालापाचोळ्याचा हिरवा तेवढा दर आठवड्याला. लाल डब्याचं झाकण बोटभर उघडं राहिलं तरी गाडी तशीच पुढे जाते. ज्याच्या घरात घाण जास्त निघते त्याने ती पंधरा दिवस काय उराशी धरून बसायचं?

परसातल्या बाकल्याच्या घेवड्याला फुलं आलीत. शेजारचा त्राय्को क्वीन्सलंडला मुलाकडे गेलाय असं त्याची बायको लेन्का सगळ्यांना सांगते. अंजिराची फांदी त्याने छाटली तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. गेला तर गेला, मला काय!

त्या सरकारी बाईला येऊ नको म्हणून कळव. टोनीला कंबरेला वाळूचा शेक द्यायला सांग.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
बाबा


पर्थ
१९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दुसरी ताकीद आली. पुन्हा तेच.

राहवेना, म्हणून लेन्कामावशीला फोन केला. तुमच्या तब्येतीबद्दल विचारलं, तर त्या हुंदके देऊन रडायला लागल्या आणि फोन ठेवून दिला. शेजारीण रडते, आणि मुलीला मात्र तुम्ही बाकल्याची फुलं कळवता! काय समजायचं मी?

आईने छातीतली गाठ चार महिने लपवली. कोणाला त्रास नको, म्हणाली. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हीही मूग गिळून बसलात. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, बाबा. आज पहिल्यांदा लिहिते आहे. आता पुन्हा तोच खेळ माझ्याशी खेळू नका. मला झोप लागत नाही. टोनी म्हणतो, सरळ विमानात बसून जा आणि त्यांना घेऊन ये.

बाई येणार म्हणजे येणारच. त्यांना तरी खरं सांगा.

रागावले आहे, तरी तुमचीच,
रिता


सेंट ऑल्बन्स
२७ जुलै

चि. रिता हिस,
अ. उ. आ.

बाई येऊन गेली. पोरगी भली होती. मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पंतप्रधानांचं नाव विचारलं, जिना चढायला सांगितलं. आपल्या घराला जिना कुठाय, असं मी विचारल्यावर हसली. पाव-टोमॅटो खाऊन गेली.

मग तिने डायपरचं विचारलं. मी म्हणालो, माझेच. तिने लिहून घेतलं.

काल सकाळी डब्यावर लाल चिठ्ठी लागली आणि दुपारी माणसं येऊन पिवळा डबा घेऊन गेली. सगळी गल्ली खिडकीत उभी होती. चाळीस वर्षं राहिलो इथे.

आईचं तू लिहिलंस ते खरं आहे.

घराचे कागद पाठव, सही करतो. पण ऑगस्ट संपेपर्यंत मला न्यायला येऊ नकोस. इथे माझं काम आहे. एवढं ऐक.
शिव्या दे, पण पत्र पाठवत जा.
बाबा


सेंट ऑल्बन्स
१६ ऑगस्ट

चि. रितास,
लेन्कामावशीचे अनेक आशीर्वाद.

माझं लिहिणं मोडकंतोडकं, सांभाळून घे. गेल्या गुरुवारी आमचा त्राय्को गेला. क्वीन्सलंडला नाही, इथेच, मागच्या खोलीत. मार्चपासून अंथरुणाला खिळला होता. त्याची एकच अट होती, गल्लीला कळता कामा नये. तुझ्या बाबांना तर मुळीच नाही. असा ताठा!

डायपर रोज सहा-सात लागायचे. लाल डबा चार दिवसांत भरायचा. एके दिवशी पहाटे मी झाकणावर बसून ते दाबत होते आणि रडत होते, तेव्हा तुझ्या बाबाने, साल्वूने, कुंपणावरून पाहिलं. आपला लाल डबा ढकलत आणून माझ्या दारात ठेवला. तोही भरायला लागला तेव्हा मधल्या आठवड्यात मीच त्याच्या पिवळ्यात टाकलं, वर पेपर पसरून; आमच्या डब्यात सापडलं असतं तर गल्लीला कळलं असतं. चिठ्ठ्या लागल्या तरी त्याने मला शब्दाने बोल लावला नाही.

मग तो रोज सकाळ-संध्याकाळ यायचा, त्राय्कोला कुशीवर वळवायला. पहिल्या दिवशी त्राय्कोने भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवड्याने दोघं अंजिरावरून भांडायला लागले, तेव्हा मला हायसं वाटलं.

तू फोन केलास तेव्हा मला लाज वाटली. त्या सरकारी बाईला मी कालच फोन करून सांगितलं, सगळे आमच्या त्राय्कोचे होते, एकूण एक. साल्वूचा एकही नाही. त्राय्कोच्या मयताच्या प्रार्थनेनंतर लोकांपुढेही उभी राहून साल्वूने केलेलं सगळं सांगितलं. बाबांना इथून नेऊ नकोस गं.

तुझ्या मुलांना गोड पापा. मावशीला मनातून काढू नकोस.
लेन्का


पर्थ
२१ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मावशींचं पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच रडत बसले. त्या सरकारी बाईंशी बोलले. तुमच्याबद्दल लिहिलेला तो कागद त्या बदलतायत. घर विकायचं नाही, तुम्ही कुठेही जायचं नाही. नगरपालिकेलाही लिहिलंय, डबा परत येईल.

किती वाईट बोलले मी तुम्हाला! मला माफ करा, बाबा. टोनी म्हणतो, असा सासरा मिळायला नशीब लागतं.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तर पुन्हा भरून काढा.
तुमची,
रिता


सेंट ऑल्बन्स
२९ ऑगस्ट

चि. रिता हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. नवा डबा दारात उभा आहे, त्याच्याकडे बघवत नाही. चर्चमध्ये लोक हात हातात घेतात, देवमाणूस म्हणतात. रविवारचं जेवण तिथेच टाकून घरी आलो.

आईच्या वेळी मी गप्प राहिलो. आता तू माझी माफी मागतेस, आणि मी पुन्हा गप्प राहिलो, तर आईला वर जाऊन काय तोंड दाखवू?

पोरी, ते सगळे त्राय्कोचे नव्हते. जूनपासून मलाही लागतात. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. एकदा त्याला वळवतानाच झालं, लेन्काच्या देखत. तिने त्याच्या पाकिटातले काढून माझ्या हातात दिले. तुला लिहिलेलं खोटं तिने माझी झाकली मूठ राखायला लिहिलं. तिला बोल लावू नकोस. त्या सरकारी बाईला माझेच म्हणालो, तेव्हा त्राय्कोला झाकत होतो हे खरं. पण सांगताना मलाही हलकं वाटलं होतं.

आता काय करायचं ते तू ठरव. मी भांडणार नाही. फक्त कागदावर कळवू नकोस. इथे ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

तोवर तुझ्या मायेच्या भरवशावर,
बाबा