भिंतीवरची डोकी

३ तारीख, सकाळ
आजपासून शिस्त. जुन्या बाजारातून दिवसाला एकच रेकॉर्ड आणायची, तीही कव्हर बघून. गाणं कुणाचं, कसलं, याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही. प्लेयर नाहीच आहे.

३ तारीख, संध्याकाळ
सात आणल्या. भंगारवाला सुतळी सोडायला तयार नव्हता. एका कव्हरवर सुटाबुटातला माणूस कोबीचा गड्डा छातीशी धरून डोळे मिटून उभा. का? कुठेही खुलासा नाही. असं कव्हर जगात दुसऱ्या कुणाकडे नसणार. असलंच तर त्याने फेकलं असेल, म्हणजे पुन्हा माझंच एकमेव.

५ तारीख
ताईने बॉम्ब टाकला. तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वीस तारखेला त्या माझ्या खोलीत येणार. मी हॉलमध्ये झोपायचं. पुठ्ठ्यांची रास मात्र हॉलमध्ये नको. तू तिची सोय लाव, नाहीतर रद्दीवाला लावेल, म्हणाली. मी म्हणालो, हा संग्रह आहे. ती म्हणाली, निदान गाणी तरी ऐकतोस का रे?
दाजी मध्ये पडले. दाजी चांगले आहेत, पण त्यांच्या मध्ये पडण्याचा शेवट ठरलेला: माझ्या गोदामात ये, खोकी बांधायला माणूस हवाय.
खोकी! ज्याला नजर आहे त्याने खोकी बांधायची!
ठरलं. प्रदर्शन भरवायचं.

६ तारीख
जागा शोधायला निघालो. वाटेत काही लोक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीने कपाट उतरवत होते. ते पूर्ण उतरेपर्यंत हलणं बरं दिसलं नसतं. उद्या नक्की.

८ तारीख
जागा मिळाली! कोपऱ्यावरचं सलून. पंख्याखाली बसायला गेलो होतो. सलूनवाला म्हणाला, लाव की, गिऱ्हाईक ताटकळतं, काहीतरी बघेल. लोकांना आवडलं तर बाकीचा गठ्ठाही माझ्या माळ्यावर ठेव. म्हणजे प्रश्नच मिटला. ताईला अजून सांगत नाही. एकदम दाखवू.

९ तारीख
लावली. कोबीवाला मधोमध. पेशंट खुर्चीत तसाच ठेवून ट्रम्पेट वाजवणारा दातांचा डॉक्टर. दोघींत मिळून एकच वेणी घातलेल्या बहिणी. जेवणाच्या टेबलावर बसलेला घोडा. प्रत्येकाखाली माहितीची चिठ्ठी लावायची आहे. एक लिहिली. मग चहा आला.

११ तारीख
प्रतिसाद जबरदस्त. एक गृहस्थ कोबीवाल्यासमोर कितीतरी वेळ उभे. वाकून कानाजवळचा भाग बघितला. मग सलूनवाल्याला विचारलं, मागून कसं असेल हो? काय प्रश्न आहे! चित्राची न दिसणारी बाजू! इतकी वर्षं मलाही सुचला नाही.

१३ तारीख
लोक कव्हरशेजारी हातातला आरसा धरून स्वतःकडे बघतात. आत्मपरीक्षण. दोघांचा तर वाद झाला, बाजूने कमी हवं होतं की वरून. रचनेबद्दल सामान्य माणूस इतका बोलतो, हे समीक्षकांना कुणीतरी कळवायला हवं.

१४ तारीख
बसस्टॉपवर कोबीवाला दिसला! तोच भांग, कपाळावर तीच बट. पुढच्या चौकात आणखी एक. कलेचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

१६ तारीख
दाजी घरी आले ते ट्रम्पेटवाल्या डॉक्टरसारखे केस कापून. ताई हसून हसून खाली बसली. म्हणाली, अहो, आईंनी ओळखायला हवं ना तुम्हाला! मी भारावून विचारलं, दाजी, प्रदर्शन बघितलंत? दाजी म्हणाले, कसलं प्रदर्शन? मी तर सलूनमध्ये चार नंबर सांगितला.

१७ तारीख
सलूनवाला खुशीत. म्हणाला, तुझ्यामुळे धंदा वाढला. पाणी उडून खराब होऊ नयेत म्हणून त्याने कव्हरं लॅमिनेट करून घेतली आहेत. त्याआधी कापली. फक्त डोकी ठेवली. खाली नंबर. घोडा परत दिला.
मी विचारलं, कोबी? तो म्हणाला, कचऱ्यात असेल बघ.
माळ्याची आठवण दिली. तो म्हणाला, शब्द म्हणजे शब्द, आण गठ्ठा. आणला. त्याने भाजी निवडावी तशी पाच निवडली आणि कात्री उचलली.
गठ्ठा घेऊन परत आलो. जड होता.

१९ तारीख
रद्दीवाला आला. ताईने माझ्याबरोबर गठ्ठे खाली उतरवले. जिन्यात एका कव्हरपाशी थांबली. टोपी घातलेले सहा जण तळ्यात कमरेपर्यंत उभे. म्हणाली, हे असे का उभे आहेत? मी म्हणालो, माहीत नाही, म्हणूनच तर. ती जरा बघत राहिली. मग म्हणाली, बरं, एखादं ठेव.
एक निवडायला बसलो. तळेवाले की घोडा? दोन्ही उजेडात धरून बघावीत म्हणून दारात गेलो, तर समोर कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती. कव्हरं पायरीवर ठेवून धक्का मारायला गेलो. परत आलो तर पायरी स्वच्छ. रद्दीवाला प्रामाणिक माणूस, काही मागे ठेवत नाही.

२२ तारीख
गोदाम. तात्पुरतं.
इथल्या खोक्यांवर भिजू देऊ नका म्हणून छत्रीचं चित्र असतं. नीट बघितलं तर प्रत्येक छत्री वेगळी. एकीला दांडाच नाही. असं खोकं जगात दुसरीकडे नसणार. दाजींना म्हणालो, हे घरी नेऊ?
दाजी म्हणाले, ने की. पण ठेवशील कुठे?
 मी छत्रीची बाजू खाली करून खोकं बांधून टाकलं.