गोडादऱ्याच्या घराची खोड

आबा, इथल्या गुजराती शहरातलं आमचं गोडादऱ्याचं घर विकलं. तू ते पाहिलं नाहीस, आम्ही ते घेतलं त्याआधीच तू गेलास, तेव्हा तुला त्याचं बरंवाईट वाटायचं काही कारण नाही. पण भाव करायची वेळ आली की मला तूच आठवतोस, आणि आठवलास की रागच येतो. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे हे, नातीच्या वहीची उरलेली पानं आहेत. नात गुजराती शाळेत, मुलाला वाचायचा कंटाळा, सुनेला माझ्या कशातच रस नाही. राहिलास तू, आणि तुला तर सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. बरं झालं.

तू बैलबाजारातला दलाल. एकदा मला सोबत नेलं होतंस, मी आठ-नऊ वर्षांची असेन. तू समोरच्याच्या हातावर रुमाल टाकतोस आणि रुमालाखाली दोघांची बोटं बोलतात. किती धरली, किती सोडली, ते शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. तोंडानं तुझं पाऊसपाणी चाललेलं. पण रुमाल टाकायच्या आधी तू बैलाचा जबडा उघडून दात दाखवतोस, आणि काही खोड असेल तर ती सांगतोस. हा नांगराच्या भर तासात खाली बसतो. हा डाव्या अंगाला मारतो. त्या दिवशी असंच सांगून तू एक चांगलं गिऱ्हाईक घालवलंस, तर बैलाचा मालक तुझ्या अंगावर धावून आला. तू त्याला शांतपणे म्हणालास, "खोड आधी सांगायची, भाव मग करायचा. उलटं केलं तर पुढच्या बाजारात तोंड दाखवता येत नाही." मला वाटलं होतं, माझा बाप म्हणजे राजा.

मग माझी पाळी आली. मला पाहायला आले, पोहे झाले, मी आत जाऊन दाराच्या फटीला डोळा लावला. तू माझ्या सासऱ्याला म्हणालास, "पोरीला लहानपणी तीनदा फीट आली होती. दहा वर्षांत पुन्हा नाही. पण सांगून ठेवतो." त्यानंतर तू डोक्याचा रुमाल काढलास. आबा, हुंड्याची बोलणीसुद्धा तू रुमालाखाली केलीस. रुमाल हलताना दिसला, बोटं दिसली नाहीत. माझा भाव किती ठरला हे मला आजपर्यंत माहीत नाही. पण सासूला माहीत होतं आणि ते तिनं तीस वर्षं वसूल केलं. मला चुलीजवळ एकटं बसू दिलं नाही, उकळतं दूध उचलू दिलं नाही. माझंच पोर माझ्या मांडीवर असलं की ओरडायची, "घ्या रे त्याला तिच्याजवळून, पाडेल." मी तोंड उघडलं की एकच वाक्य, "तुझा बापच सांगून गेलाय." फीट मला त्यानंतर एकदाही आली नाही. बैल विकला की दलाल आपल्या घरी जातो, आबा. खोड बैलासोबत दुसऱ्याच्या गोठ्यात राहायला जाते. तुझ्या खरेपणाची भाकर तू खाल्लीस, करपलेली बाजू माझ्या ताटात.

आता घराचं ऐक. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, बारा-बारा तास उभा राहायचा, मी घरी साड्यांचे धागे कापायची, टिकल्या चिकटवायची. त्यातून सोसायटीतलं ते खाली-वर दोन खोल्यांचं घर झालं. बाईच्या नावानं केलं तर सरकारी खर्च कमी पडतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून दस्तावेज माझ्या नावावर, माझ्यावर जीव होता म्हणून नाही. नवरा गेला. घराला एकच खोड. तीन-चार पावसाळ्यांतून एकदा खाडीचं पाणी घरात शिरतं. मागच्या खेपेला कमरेपर्यंत होतं. वरच्या खोलीत आम्ही दोन दिवस बसून काढले आणि खाली गॅसची टाकी बदकासारखी फिरत होती. त्यानंतर मुलानं ठरवलं, आता विकायचं, पर्वत पाटिया भागात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा. ओल आलेल्या भिंतींवर त्यानं कमरेच्या वरपर्यंत प्लास्टिकचे चकचकीत पत्रे ठोकून घेतले. दलाल पाहायला आला, भिंतीवरून हात फिरवून हसला आणि मला म्हणाला, "माजी, चोमासा पहेलां पतावी दो." पावसाळ्याआधी उरका, आजी.

हिशेब सरळ होता. अठ्ठावीस लाख आले तर दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातली लहान खोली नातीची आणि माझी. त्याच्याखाली आले तर एक बेडरूम, आणि मी हॉलमध्ये.

पहिलं गिऱ्हाईक भरतकामाच्या मशिनी असलेला एक शेठ. सोबत मेहुणा. मेहुण्यानं नळ सोडून पाहिले, भिंती ठोकल्या आणि खिशातून होकायंत्र काढलं. म्हणाला, "रसोई गलत दिशा में है माजी, इसके दो लाख कम करो." मी म्हटलं, "तीस साल रोटी बनायी इधर. किसी के पेट ने दिशा नहीं पूछी." शेठ हसला. हसणारं गिऱ्हाईक पळत नाही, हेही तुझंच. एकोणतीसपर्यंत मी त्याला आणलं. आणि जिना उतरताना त्यानं सहज विचारलं, "बरसात में पानी तो नहीं भरता?" मुलगा घाईघाईनं नाही म्हणाला. मी काय केलं? कमरेवर हात ठेवून दाखवला. इथपर्यंत. माझा हातच गेला, आबा, तुझ्या बाजारातली सवय. शेठनं मुलाकडे पाहिलं, चप्पल घातली आणि गेला.

मुलगा आठ दिवस बोलला नाही. सून बोलली. "आई, लोक घर विकतात, तुम्ही पूर विकायला काढलाय." जिभेला धार आहे तिच्या, एवढं मान्य करते. पुढची दोन गिऱ्हाइकं दलालानं आणली तीच बावीस-तेवीसची भाषा करत आली, कारण शेठ आणि दलाल एकाच टपरीवर चहा पितात. मग एका रविवारी मुलानं मला आणि सुनेला एक बेडरूमचा फ्लॅट दाखवायला नेलं. हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "ही तुझी जागा." चप्पल ठेवायचं कपाट आणि बाल्कनीचं दार यांच्यामधली भिंत. मी विचारलं, "लुगडं कुठं बदलू?" तो म्हणाला, "बाथरूम आहे ना." मी विचारलं, "आजारी पडले तर?" तो म्हणाला, "आत्तापासून कशाला?" येताना रिक्षात मी डोळे मिटून घेतले. सुनेनं वळून पाहिलं, मी झोपले की काय म्हणून.

मग ते दोघं आले, दलालाशिवाय, परस्पर. शिरपूरकडचे. तो लूमवर, ती टिकल्या लावणारी, कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर. गावातला जमिनीचा वाटा विकला होता, उरलेलं बँकेचं कर्ज. त्यानं पंचवीसपासून सुरू केलं. मी तीस सांगितले. तो सव्वीस म्हणाला, मी पोराला बिस्कीट दिलं आणि तीसच म्हटलं. चहा झाला. सत्तावीसवर तो उठला, दारापर्यंत गेला, मी हाक मारली नाही. दारातून परत आला. दारातून परत आलेल्याला घर हवं असतं, तेव्हा मी अठ्ठावीसवर आले आणि तिथं बसले. तो म्हणाला, "मावशी, पन्नास हजार तरी सोडा, पोराच्या नावानं." मी म्हटलं, "पोर तुझं, तूच ठेव त्याच्या नावानं." माझा मुलगा तोंड उघडणार होता, मी डोळ्यानंच बसवला.

तो विसार मोजत होता, इथं त्याला बाना म्हणतात. ती पोरगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. त्या चकचकीत पत्र्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात आपल्या बोलीत विचारलं, "माय, खाडीनं पानी घरमा येस का वं?"

आबा, शेठनं हिंदीत विचारलं तेव्हा माझ्या हातून खरं निघून गेलं होतं. ही तर आपल्या घरच्या बोलीत विचारत होती. मला चपलांचं कपाट दिसलं. मी म्हटलं, "नई वं माय. गल्लीमा येस थोडं. घरमा नई." तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "तुम्ही आपलाच मानसं शेतस, मंग माले काय काळजी." आणि आपलं माणूस भेटलं म्हणून वाकून पाया पडली. पोरानं माझ्या बांगड्या धरून ठेवल्या होत्या, त्या सोडवून घ्याव्या लागल्या.

आता माझ्या नावाची खोली आहे. दहा बाय आठ, एक खिडकी, दाराला आतून कडी. नात शाळेत गेली की दुपारी मी कडी लावते. काम काही नसतं, लावते. एकदा वाटलं, तुला विचारावं, मी बरोबर केलं की चूक. मग वाटलं, तुला काय विचारायचं? तू खरं बोललास त्याची किंमत तू दिली नाहीस, मी खोटं बोलले त्याची मी देणार नाही. आपण दोघं सारखेच दलाल. फरक एवढाच की तुला लोक अजून चांगला माणूस म्हणतात.

हा कागद टपालात टाकायचा नाही. फाडून कचऱ्यात, नातीच्या हाती लागायच्या आत. एक तेवढं राहिलं. चावी देताना त्या पोरीला मी बाजूला घेतलं आणि सांगितलं की धान्य, पोराचे कपडे, कागदपत्रं, सगळं वरच्या खोलीत ठेव, खाली काही ठेवू नकोस, उंदीर फार आहेत. तिनं मान डोलावली. तिच्या नवऱ्यानं त्याच दिवशी पिंजरा आणला म्हणे. त्या घरात तीस वर्षांत मी एकही उंदीर पाहिला नाही.